तामोरे काका आणि दंडाचं जीवनसत्त्व

तामोरे काका नव्या माणसाला नमस्कार करत नसत, त्याचा दंड दाबत. कोपराच्या वर अंगठा आणि दोन बोटं रुतवायची, डोळे मिटायचे, आणि बाजारात पपई पिकली का बघतात तसं दाबून निकाल द्यायचा. निकाल तीनच: "कच्चा", "जुळलेला" आणि "सुटलेला". आमच्या मुख्याध्यापकांना त्यांनी पहिल्याच दिवशी, संस्थेच्या अध्यक्षांदेखत, "सुटलेला" म्हणून जाहीर केलं. बाईमाणसांच्या दंडाला ते हात लावत नसत. मान वाकडी करून दुरूनच अंदाज घेत. मला मिळालेला शेरा होता, "कच्चा, पण आशा आहे."

२०१४च्या जूनमध्ये मी तलासरी तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. राहायला डहाणूत, रोज सकाळची एसटी. शाळेत प्रयोगशाळा होती, म्हणजे तशी पाटी होती. आत फुटकी बाकं, जुने नकाशे आणि डावा हात नसलेला एक प्लास्टिकचा सांगाडा. त्याच महिन्यात तामोरे काका तिथे परिचर म्हणून आले. आले तर कुलूप गंजलेलं. शिपाई म्हणाला, "उद्या बघू काका." काकांनी डबा बाजूला ठेवला, रॉकेल मागवलं आणि दाराशी मांडी ठोकली. तिसऱ्या तासाला बसले ते सहाव्या तासाला कुलूप उघडूनच उठले. मग सगळ्यांकडे बघून म्हणाले, "उद्याला प्रयोगशाळा चालू." आणि खरंच दुसऱ्या दिवशी चालू झाली.

काका मूळचे चिंचणीचे, मच्छीमाराच्या घरातले, आणि त्यांना बोट लागायची. किनारा सुटला की उलटी. तीनदा समुद्रावर नेऊन बघितलं, चौथ्यांदा वडिलांनी त्यांना मुंबईच्या गाडीत बसवलं. तिथे एका मोठ्या संशोधन प्रयोगशाळेत काचसामान धुवायचं काम लागलं. धुता धुता तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना पेशींना खायला घालायला शिकवलं, आणि मग निवृत्त होऊन गावी परतेपर्यंत तामोरे काकांनी तेच केलं.

"मी पेशी पाळल्या म्याडम," ते सांगत. एखादा म्हशी पाळल्या म्हणेल, अगदी त्या सुरात.

त्या पेशी होत्या स्नायूंच्या. उंदराच्या स्नायूतून काढलेल्या, काचेच्या ताटलीत गुलाबी पाण्यात वाढणाऱ्या. त्यांना रोज बघायचं, पाणी बदलायचं, फार गर्दी झाली तर दुसऱ्या ताटलीत हलवायचं. दिवाळी असो की शिमगा, पेशींना त्याचं काय? काका जातच. लग्न राहून गेलं ते त्यामुळेच, असं ते म्हणत. खरं कारण काय ते मी कधी विचारलं नाही.

नववीचा वर्ग. मी फळ्यावर जीवनसत्त्वांचा तक्ता काढला होता. "अ जीवनसत्त्व कशासाठी?" मी विचारलं.

"डोळ्यांसाठी!" अख्खा वर्ग ओरडला.

मागे परीक्षानळ्या पुसत उभे असलेले काका एकदम पुढे आले. "डोळ्यांसाठी? डोळ्यांनी बोट ओढता काय रे? डोळ्यांनी भात लावता?"

पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी तक्त्याकडे.

"दंडासाठी! आता ऐका." त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला. शिकवायचा अधिकार परिचराला नसतो हे मला ठाऊक होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी बाकावर जाऊन बसले.

तो तास मला अजून आठवतो. काका म्हणाले, स्नायूची पेशी लहान असते तेव्हा तिला एकच काम माहीत असतं, वाढायचं. एकाच्या दोन, दोनाच्या चार, नुसती गर्दी. बंदरावर माणसं खूप, पण बोट कुणीच ओढत नाही, तसं. आपण पालेभाजी खातो, मासळी खातो, त्यातल्या अ जीवनसत्त्वाचं अंगात एक आम्ल तयार होतं. ते आम्ल पेशीच्या दारात थांबत नाही. थेट आत, अगदी मधल्या खोलीत जातं, जिथे पेशीचे सगळे हुकूम लिहून ठेवलेत, आणि सांगतं, बास झालं वाढणं, आता कामाला लागा. मग पेशी थांबतात, लांब होतात, एका दिशेला तोंड करून शेजारी शेजारी निजतात. आणि एक दिवस मधल्या भिंती पाडून एक होतात. अनेकींचा मिळून एक लांब धागा. तो धागा ओढतो.

"थांबा, जुळा, ओढा," काकांनी फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. "काही पेशी मात्र जुळत नाहीत. कडेला राखीव बसतात. मार लागला, स्नायू फाटला, की त्या उठतात. त्यांनाही हेच औषध लागतं."

त्या दिवसापासून "थांबा, जुळा, ओढा" शाळेभर झालं. रस्सीखेचीला पोरं तेच ओरडत. प्रार्थनेच्या रांगेत धक्काबुक्की झाली की पीटीचे सर तेच म्हणत.

त्या आम्लाला उजेड सोसत नाही. मुंबईत त्याची बाटली चांदीच्या कागदात गुंडाळून, अंधाऱ्या खोलीत उघडावी लागे. ती सवय काकांच्या हाडात भिनली होती. त्यांचा डबा चांदीच्या कागदात, लोणच्याची बाटली चांदीच्या कागदात, चष्म्याचं घरसुद्धा चांदीच्या कागदात. जेवताना ते खिडकीकडे पाठ करून बसत. "उन्हात ठेवलेली भाजी म्हणजे नुसता चोथा," असं त्यांचं ठाम मत होतं. आमच्या क्लार्कबाईंनी एकदा हौसेनं पालेभाजीचा डबा खिडकीत उघडा ठेवला, तर काकांनी त्यावर स्वतःची टोपी घातली.

चिंचणीच्या मासळीबाजारात ते "कलेजीवाला" म्हणून प्रसिद्ध होते. मी एकदा त्यांच्यासोबत गेले होते. मुशी, म्हणजे लहान शार्क, कापायला घेतलेली बाई त्यांना बघताच म्हणाली, "आला कलेजीवाला! थांब रे बाबा, फेकत नाय."

"फेकू नको गो. सगळा माल त्यात हाय."

"आन मास काय दगड हाय का?"

पण कलेजी ती त्यांच्यासाठी बाजूला ठेवत असे, पळसाच्या पानात. काका ती घरी नेऊन जरा जराशी खात. जरा जराशीच. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट त्यांनी मला एकदा बसमध्ये सांगितली. अनेक आठवडे पाळलेल्या पेशी जुळल्या होत्या. सुट्टीचा दिवस, प्रयोगशाळेत हे एकटेच. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बघतात तर ताटलीतला एक धागा हलला. काचेच्या ताटलीत, मेंदू नाही, मज्जा नाही, नुसता धागा, आणि तो आपला आपण आखडला. पुन्हा आखडला.

"मग कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगणार? सुट्टी ना. खाली येऊन वॉचमनला सांगितलं. तो म्हणाला, बरं."

आणि मग आली ती मुलींची कबड्डी.

२०१६मध्ये आमच्या शाळेचा मुलींचा संघ जिल्ह्यापर्यंत जाणार अशी चिन्हं होती. संघाचा कणा होती अकरावीतली सुनीता, वेवजीच्या एका पाड्यावरची. बारीक, पण पकड अशी की चढाई करणारीनं घोटा दिला की संपलं. काका सरावाला रोज हजर. पीटीचे सर शिट्टी वाजवत आणि काका स्नायूंवर भाषण देत. शेवग्याचा पाला खा, भोपळा खा, पपई खा, मिळाली तर कलेजी खा. "दंड जुळला पाहिजे!" मुली हसत, पण ऐकत. सुनीता सगळ्यांत जास्त ऐके.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सुनीता बदललेली दिसली. डोकं दुखतं म्हणायची. वर्गात उलटी झाली. मुलींना वाटलं, उपास असतील. घरच्यांनी एका खासगी दवाखान्यात नेलं, तिथे पित्त म्हणून गोळ्या दिल्या. जिल्ह्याचे सामने दहा दिवसांवर आलेले. पीटीचे सर म्हणाले, "दोन दिवस आराम कर, होशील बरी."

काका मैदानाच्या कडेला उभे होते. सुनीता पाणी प्यायला आली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि मी त्यांना असं बघताना कधी पाहिलं नव्हतं. तिचे ओठ फाटले होते. बोटांची साल सुटत होती.

"सुनीता, काय खातेस?"

"तुम्ही सांगितलं तेच काका."

"आणखी काय?"

 ती हळूच म्हणाली, "गोळ्या. अ जीवनसत्त्वाच्या. मामानी आणून दिल्या." मामाची अच्छाडच्या नाक्यावर चहाची टपरी होती. त्यानं भाचीच्या हौसेसाठी वापीहून डबी आणली होती.

"किती?"

"रोज चार."

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

काका माझ्याकडे वळले.  "म्याडम, गाडी बघा," एवढंच म्हणाले.

आम्ही आधी त्याच दवाखान्यात गेलो. डॉक्टर घाईत होते. अर्धशिशी असेल, म्हणाले. काका खुर्चीवर बसले आणि कुलुपासमोर बसले होते तसे बसून राहिले. "साहेब, मी शिकलेला नाही. पण या औषधाची बाटली मी निम्मं आयुष्य हातात धरली. तिच्यावर लिहिलेलं असायचं, कातडीला लावू नये, गरोदर बाईनं हात लावू नये. एकदा प्रयोगशाळेतल्या एका पोरानं दहापट घातलं. सकाळी बघतो तर सगळ्या पेशी सुटून पाण्यावर तरंगत होत्या. तुम्ही हिच्या डोळ्यांच्या आत बघायची सोय करा. मी उठणार नाही."

बाहेरचे पेशंट कुरकुरायला लागले. शेवटी डॉक्टरांनी डबी मागून घेतली, वाचली, पुन्हा वाचली, आणि वलसाडच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. तिथे डोळ्यांच्या मागे सूज निघाली. डोक्यातला दाब वाढला होता. आणखी काही आठवडे गेले असते तर नजर गेली असती, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. उपचार सुरू झाले. सामने सुनीताशिवाय झाले, आणि आम्ही पहिल्याच फेरीत हरलो.

चार दिवसांनी सुनीताचे वडील शाळेत आले. भिलाडच्या एका कंपनीत पाळीवर जाणारा शांत माणूस. ऑफिसच्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "कोणी सांगितलं माझ्या पोरीला?"

मुख्याध्यापक म्हणाले, "शाळेनं काही सांगितलेलं नाही. गोळ्या तुमच्याच नातेवाइकानं—"

"मी सांगितलं," मागून काका म्हणाले. ते पुढे येऊन वडिलांसमोर उभे राहिले. हात जोडले नाहीत की मान खाली घातली नाही. "चूक माझी. पेशींना मी थेंब मोजून दिला. पोरींना सांगताना थेंब सांगायला विसरलो. ताटलीत होतं ते माणसात तसंच होतं असंही नसतं, तेही बोललो नाही. तुम्हाला मारायचं असेल तर मारा."

 वडील तसेच मागे फिरून निघून गेले.

मला वाटलं, आता काका खचणार, नोकरी सोडणार. मुख्याध्यापकांनीही तसं सुचवलं. म्हणाले, निदान आता कुणाला काही सांगू नका. काकांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली. आधी संघातल्या प्रत्येक मुलीच्या घरी. मग शेजारच्या पाड्यांवर. शाळा सुटली की पायी, सुट्टी असली की सकाळपासून. पिशवीत शेवग्याची एक डहाळी आणि एक रिकामी गोळ्यांची डबी. डहाळी दाखवून म्हणायचे, "ही खा, पोटभर खा, ही बाधत नाही." डबी दाखवून म्हणायचे, "ही डॉक्टरनं दिल्याशिवाय नाही. अंगणवाडीत बाळांना चमच्यानं डोस देतात तो मोजलेला असतो, तो चुकवू नका. पण आपल्या मनानं एक थेंब नाही." हद्दीवरच्या पाड्यांवर गुजराती बायका असत. त्यांच्यासाठी मोडकंतोडकं गुजराती शिकले. "बेन, वधारे नहीं!" म्हणजे बाई, जास्त नको. त्यांचं गुजराती ऐकून बायका तोंडाला पदर लावत. काका पुढच्या दारात.

कुणी म्हटलं, "काका, तुम्हीच तर आधी दंड दंड करत होता," तर म्हणायचे, "म्हणून तर मीच आलो."

आणि सुनीताच्या घरी? तिथे ते दर रविवारी जात. चिंचणीहून डहाणू, डहाणूहून तलासरी, तिथून जी मिळेल ती टमटम, आणि शेवटी पायी. पहिल्या रविवारी वडील घराबाहेर निघून गेले. दुसऱ्या रविवारीही. आई, जमनाबाई, पाण्याचा तांब्या ठेवून आत जायची. काका ओट्यावर बसून सुनीताला तीनच प्रश्न विचारत. डोकं? नजर? भूक? उत्तरं ऐकून उठत. हे मला सुनीतानं सांगितलं. सहाव्या की सातव्या रविवारी वडील बाहेर गेले नाहीत. त्यांनी काकांच्या हातावर तंबाखूची पुडी ठेवली. काका तंबाखू खात नाहीत. त्या दिवशी त्यांनी खाल्ली आणि ओट्याखाली जाऊन उलटी केली.

सुनीता उन्हाळ्यापर्यंत बरी झाली. बारावी झाली, कॉलेजला गेली. काकांनी शाळेतलं काम सोडलं, आणि माझा त्यांचा रोजचा संबंध सुटला. चिंचणीत ते एकटेच राहत. पुतण्या तारापूरच्या कारखान्यात लागून बोईसरला राहायला गेला होता, घराचा अर्धा भाग बंदच असे. मी कधी फोन केला तर काका प्रयोगशाळेची चौकशी करत. सांगाड्याला डावा हात मिळाला का, हे आवर्जून विचारत.

२०१९च्या मे महिन्यात नव्या प्रवेशांसाठी आम्ही शिक्षक पाडे फिरत होतो. रविवार होता. वेवजीला आलेच आहे तर सुनीताकडे डोकावावं म्हणून गेले. अंगणात सुनीता जोर मारत होती. पोलीस भरतीची तयारी. मोजायचा प्रयत्न केला, तीसनंतर माझीच नजर दमली.

"तू तर ठणठणीत आहेस गं!"

"दोन वर्षं झाली मॅडम. डॉक्टरांनी तर कधीच सांगितलं, आता यायची गरज नाही."

जमनाबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. तिनं भाताचं पातेलं चुलीवर चढवलं होतं, चार माणसांच्या घराला जरा मोठंच. मी विचारलं, "पाहुणे आहेत का आज?"

"काका यायचे ना."

"अजून येतात?"

"दर रविवारी," सुनीता म्हणाली.

"पण तू बरी आहेस हे त्यांना..."

जमनाबाईनं सूप खाली ठेवलं. "म्याडम, पोरगी बरी झाली त्या साली मी त्यांना बोलली, काका, आता बरी हाय, आता कशाला तरास घेता. ते बोलले, बरं झालं. आणि दोन रविवार नाय आले. तिसऱ्या रविवारी मी बाजाराला तलासरीला गेली, तर हा माणूस स्टँडवर बसलेला. मी बोलली, काका इथं? बोलले, असाच आलो. जायचं कुठं नव्हतं." तिनं तांदळातला एक खडा वेचून फेकला. "मग मी बोलली, काका, सुनीचा गुडघा दुखतो."

सुनीता हसत होती. "तेव्हापासून मला दर आठवड्याला काहीतरी दुखतं मॅडम."

कुंपणापलीकडच्या पायवाटेवर काळी छत्री दिसली. जमनाबाईनं आवाज खाली केला. "सुने, आज काय सांगायचं?"

"गेल्या वेळी पोटरी झाली. त्याच्या आधी मान."

"मनगट सांग."

सुनीतानं पटकन घाम पुसला, ओट्यावर बसली आणि उजवा हात मांडीवर असा ठेवला की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. काका आले. वाळले होते, छत्रीवर भार देऊन चालत होते. मला बघून आनंदले, सांगाड्याचं विचारलं, मग सुनीताकडे वळले. "काय गो, कसं?"

"थोडं मनगट दुखतंय काका."

काकांनी चष्मा लावला. मनगट हातात घेतलं, फिरवलं, दाबलं, बराच वेळ बघितलं. गरम पाण्याचा शेक सांगितला. जमनाबाईनं मोठ्या गांभीर्यानं मान डोलावली. मग सगळे जेवले. काकांनी दोनदा भात घेतला आणि वडिलांशी कंपनीच्या पाळीबद्दल, पावसाबद्दल, अशाच कशाकशाबद्दल दुपार कलेपर्यंत बोलत बसले.

परतताना आम्ही एकाच टमटममध्ये होतो. काका छत्री पायांमध्ये धरून बाहेर बघत होते. तलासरी जवळ आली तेव्हा, माझ्याकडे न बघता, म्हणाले,

"मनगटाला काही झालेलं नाही तिच्या."

मी त्यांच्याकडे वळून बघितलं.

"बघू," काका म्हणाले, "पुढच्या रविवारी काय सांगतात."